बंबाचा धूर आणि डॉक्टर भालेराव

डॉक्टर भालेराव यांच्याशी माझी ओळख भांडणाने झाली. आणीबाणी उठली, त्या वर्षीच्या हिवाळ्यात माझे वडील, चांदवडचे निवृत्त पोस्टमास्तर, नाशिकला माझ्याकडे राहायला आले. दिवाळी सरली की त्यांना दरवर्षी दम लागे आणि संक्रांतीनंतर उतरे. त्या वर्षी मात्र एक वाक्य बोलतानाही ते मध्ये थांबू लागले. दोन डॉक्टरांनी थंडीचे निदान केले. म्हणून मी त्यांची खाट न्हाणीघरालगतच्या उबदार खोलीत हलवली, खिडकीच्या फटींत कागद कोंबले. पहाटे पाचला मी न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब पेटवत असे.

त्या काळी थंडीत सारे नाशिक बंबांच्या धुरात जागे होई. तो वास आम्हाला घराचा वाटायचा. आजही आठवला की बरे वाटते. हीच तर पंचाईत आहे.

शरणपूर रोडवरच्या दवाखान्यात जाऊन मी भालेरावांना बोलावले. दम पहाटे लागतो, तर पहाटेच येतो, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला सायकलवरून आले आणि वडिलांच्या खाटेवर अर्धा तास नुसते बसून राहिले. स्वतःला खोकला आला तेव्हा उठले आणि फटींतले कागद ओढून काढू लागले.

“बाई, यांना थंडी नाही बाधत. तुमचा बंब बाधतोय.”

कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला शिस्त लावली, नम्रता लावायची राहून गेली. वडिलांसाठी रात्रंदिवस राबणारी मुलगी काय त्यांचा जीव घेते, असे मी डॉक्टरांना सुनावले. ते कागद काढतच राहिले. बोलले ते वडील, धापा टाकत.

“ताई, भांडण नंतर कर. खिडकी... राहू दे उघडी.”

खाट पुढच्या खोलीत गेली, बंब परसात. फिरायला जायचे ते ऊन वर आल्यावर. डॉक्टर आठ दिवस रोज पहाटे येऊन पाहून गेले. नवव्या दिवशी वडिलांनी मला अख्खा अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवला. संक्रांत अजून लांब होती.

आमच्या गल्लीत झाडलेला पाला पहाटेच पेटवत. नगरपालिकेला मी जळजळीत पत्र लिहिले होते. डॉक्टरांनी ते ठेवून द्यायला सांगितले आणि स्वतः झाडूवाल्यांबरोबर चहाला जाऊन बसले. त्यांच्याही घरी खोकणारे म्हातारे होते. तेव्हापासून पाला गाडीतून जाऊ लागला. शिकल्यासवरल्यांच्या बंगल्यांपुढे मात्र तो अजून पेटतो, याची मला चीड आहे.

वडील त्यानंतर नऊ हिवाळे पाहून गेले. दर दिवाळीनंतर डॉक्टर सहज म्हणून येत, त्यांच्याशी गप्पा मारत. त्या पहाटेचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. आज त्यांच्या साठीनिमित्त सर्वांसमोर काढते. डॉक्टर, चूक माझी होती, आणि ते नऊ हिवाळे तुम्ही दिलेले होते. तुम्हाला त्याहून कितीतरी अधिक लाभोत, आणि त्यांतल्या प्रत्येक पहाटे छाती भरून श्वास मिळो.