करीच्या दिवशीचं मातृपूजन

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. महिनाभर श्रावण पाळून झालेला असतो, आणि आमच्या विणकरांच्या घरात त्या दिवशी मटण शिजलं नाही तर घरात कोणी आजारी आहे का, अशी चौकशी होते. मी सकाळीच रांगेत उभी राहून मटण आणलं, खोबरं-खसखस भाजली आणि रश्शाचं मोठं पातेलं, आमचा गंज, गॅसवर चढवला. तेवढ्यात मुलगा नवा झब्बा घालून स्वयंपाकघरात आला आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला. मागच्या वर्षीपर्यंत हाच मसाला भाजायला लागले की माझ्या मागेमागे फिरायचा.

हल्ली तो संस्कृती जपणाऱ्या एका मंडळात जातो. कोणाची संस्कृती, हे विचारायची सोय नाही. त्या दुपारी मंडळाचं मातृपूजन होतं. मुलांनी व्यासपीठावर आयांचे पाय धुवायचे, आयांनी दोन शब्द बोलायचे. माझे दोन शब्द तो ठरवूनच आला होता.

"माझ्या आईनं मले शाकाहाराचे संस्कार दिले, तेच मी पोराले दिले. एवढंच म्हणजो."

"काहून? तुही आजी तर मटणाशिवाय कर मानतच नव्हती."

"हळू बोल वं. मले यंदा सचिव करून राहिले ते."

ज्यानं स्वतःचं जेवलेलं ताट कधी उचललं नाही, तो माझे पाय धुणार होता. डोक्याला ताप नुसता. तरी गॅस बंद केला आणि गेले.

पाय मात्र त्यानं खरंच मनापासून धुतले. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. मला भरून आलं आणि भरून आलं म्हणून आणखीच राग आला. मग कोणीतरी माईक हातात दिला.

"माही आई मागावर लुगडी विणे," मी म्हटलं. "करीले माग बंद अन् सकाळपासून पाट्यावर मसाला. तिच्या हातचं मटण खाऊनच मी मोठी झाली. आजही गंज चढवून आली आहो."

मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या हसल्या. अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. मुलगा मान वर न करता माझे पाय पुसत राहिला.

संध्याकाळी वाढलेलं ताट त्यानं बाजूला सारलं. "माझ्यासाठी एक वाक्य खोटं नाही बोलता आलं तुले?"

याच्यासाठी मी काय कमी खोटं बोलले आहे? शाळा बुडवली की बाईंना ताप सांगितला, गाडी ठोकली तेव्हा याच्या बाबांना कुत्रं आडवं आल्याचं सांगितलं. आणखी शंभरदा बोलले असते. पण दुपारभर आईची पूजा करणाऱ्या माझ्या पोराच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की मलाही आई होती.