समुपदेशक बाईंची मेथी

अख्ख्या परभणी जिल्ह्यात आपल्या घरची भाजी आपण कधीच न निवडणारी एकच बाई असेल, तर त्या आमच्या समुपदेशक बाई. त्यांच्याकडे आलेल्या माणसानं आधी मेथीची जुडी सोडायची आणि मग मन मोकळं करायचं, अशी रीतच होती. "हात रिकामे असले की माणूस शोभेल तेवढंच बोलतो," असं त्या म्हणत. मेथी नसेल तेव्हा शेंगा फोडायच्या, लसूण तर बारमाही. भांडलेलं जोडपं आलं की दोघांच्या मध्ये एकच सूप. जेवताना भाजीत काड्या लागल्या की बाईंचे मिस्टर समजत, परीक्षा जवळ आल्या, निवडणारी पोरं घाबरलीत.

त्यांच्या दारावरच्या पाटीवर शैक्षणिक, वैवाहिक, कौटुंबिक, व्यसनमुक्ती, मुलाखतीची तयारी असं सगळं लिहिलं होतं. खाली जागा उरली, म्हणून पेंटरनं आपल्या मनानं 'व इतर' असं रंगवून टाकलं. पुढं बरीच माणसं त्या 'इतर'साठीच येऊ लागली. पोखर्णीचे एक काका म्हैस दूध देईना म्हणून आले. बाईंनी त्यांनाही जुडी दिली. अर्ध्या तासात कळलं की म्हशीचं काही नव्हतं, घरात काकूच महिनाभर बोलत नव्हत्या.

बाईंची दुसरी तऱ्हा म्हणजे, रस्त्यात भेटलेल्या माणसाला त्या आपण होऊन कधीच ओळख देत नसत. त्यांनी हाक मारली, तर हा माणूस त्यांच्याकडं जातो हे चारचौघांना कळणार. म्हणून त्या बाजारातून मान खाली घालून चालत. गावात नाव पडलं, 'बाई लय गर्विष्ठ'. बाई हसून म्हणायच्या, "असू दे. मला गर्विष्ठ म्हणलेलं चालतंय, त्यांच्या बदनामीवर औषध न्हाई."

मी त्यांच्याकडे गेलो तो तीन मुलाखतींत तोंडातून शब्द न फुटल्यावर. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. चार अनोळखी माणसं समोर बसली की माझी जीभ टाळूला चिकटायची. बाईंनी सहा महिने माझ्याकडून मेथी निवडून घेतली आणि निवडता निवडता बोलतं केलं. कधी समोर मिस्टरांना साहेब करून बसवलं. ते गंभीर चेहऱ्यानं विचारत, "तुमचा आवडता विषय कोणता?" आणि उत्तर येईपर्यंत पेंगत. चौथ्या मुलाखतीत मला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली.

वालूरला माझ्या शाळेनं सत्कार ठेवला. पहिल्या रांगेत वडील, आणि त्यांच्या शेजारी ज्यांच्या मुलीशी माझी सोयरीक ठरत होती ते पाहुणे. मी न अडखळता बोललो. पहिलीच्या गुरुजींपासून ते एस. टी. थांबवून ठेवणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. खाली उतरलो तर हेडमास्तरांच्या शेजारी बाई! दहावीच्या मुलांशी बोलायला त्यांना त्याच दिवशी बोलावलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "या समुपदेशक मॅडम. वळख हाय का तुमची?"

पाहुणे माझ्याकडंच बघत होते. 'पोरगं डोक्याच्या डॉक्टरकडं जायचं' हे वाक्य मला ऐकू यायला लागलं. मी म्हणालो, "नाही. नाव ऐकून आहे."

बाईंनी हात जोडले. "नमस्कार, सर. छान बोललात."

ज्या जिभेला त्यांनी वळण लावलं होतं, ती त्या खोट्याला जराही अडखळली नाही. याची लाज आजही वाटते.

सोयरीक जमली, लग्न झालं. तरी ते वाक्य मनातून जाईना. शेवटी एका रविवारी मी स्वतःच मेथीची जुडी घेऊन बाईंकडं गेलो. निवडत बसलो. बाईंनी सुपात डोकावलं. "काड्या ठेवायलायस अन् पानं टाकायलायस. काय झालं रे?"

मी वालूरचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वळख न दाखवायचा नेम माझाच हाय. तू काय मोडलं?"

"बाई, तो नेम आमची लाज राखायला होता. मी त्याच्याआड लपलो."

बाईंनी माझ्यापुढची उरलेली जुडी ओढून घेतली आणि स्वतः निवडायला लागल्या. त्यांना मेथी निवडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. बरोबर निवडता येत नव्हती त्यांना.

परवा परभणीच्या भाजीबाजारात मी, बायको आणि सासरे होतो. समोरून बाई आल्या, मान खाली, हातात पिशवी. मी मोठ्यानं हाक मारली, "बाई!" त्या तशाच पुढं गेल्या. सासऱ्यांनी विचारलं, "कोण हो त्या?"

"मामा, मला मुलाखतीत बोलता येत नव्हतं. त्यांच्याकडं सहा महिने जाऊन मी बोलायला शिकलो," मी म्हणालो, आणि पुन्हा हाक मारली.

आता बाई थांबल्या. पण वळून माझ्याकडं न बघता त्या माझ्या पाठीमागं बघायला लागल्या, की भर बाजारात एवढ्या मोठ्यानं कुणी कुणाला हाक मारली.