बगळ्यांच्या ओढ्याची नावं

माझे वडील, रुफस, कुणालाही भेटले की आधी ओढा सांगायचे, मग स्वतःचं नाव. आपण बगळ्यांच्या ओढ्याचे, हे समोरच्याला कळलं की बाकी सांगायचं काय उरतं, असं त्यांचं म्हणणं. त्या ओढ्याच्या प्रत्येक वळणाला, खडकाला त्यांच्याकडे नाव होतं, आणि प्रत्येक नावामागे त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी. कुणी बुडालेलं, कुणी रुसून गेलेलं.

मी पोटचा पोरगा, पण ओढा माझा नव्हे. आम्ही उत्तरेकडच्या समुद्रकाठचे मूळ लोक; आमच्यात कूळ आईचं लागतं. सगळ्या कुळांच्या दोन बाजू, डोमकावळा आणि गरुड: वडील डोमकावळ्याकडचे, आई आणि मी गरुडाकडचे. मामाचं सगळं भाच्यांकडे जातं. पण वडिलांच्या बोटीवर जन्म गेल्यामुळे ती नावं मला ऐकून ऐकून पाठ झाली.

"पाठ झाली म्हणून तुझी झाली नाहीत," ते म्हणायचे. "पाव्हणा आहेस तू. ऐक आणि गिळून टाक."

नावं जायची होती माझ्या इडाआत्याच्या मुलीकडे, नोरीनकडे. ती सिअ‍ॅटलला वाढलेली. वडिलांच्या घराण्यातले बाकीचे जाणते, इडाआत्याही, एकेक करून गेले, तशी ती फोनवर मामाच्या मागे लागायची. पण वडील हट्टाला पेटलेले. नाव काठावर उभं राहूनच सांगायचं, ओढ्याने ते ऐकलं पाहिजे.

"तू ये, मग सांगतो. ओढा कुठे पळून जातोय?"

कधी तिची नोकरी आडवी यायची, कधी यांचा सॅमनचा हंगाम. शेवटी ती आली आणि वारा सुटला. बोट काढता येईना. वडील खिडकीशी बसून समुद्राला शिव्या घालत होते. मी म्हटलं, बाबा, इथेच सांगून टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून बोटीचे दोर बघायला गेलो. वारा पडायच्या आत ते झोपेतच गेले. मला त्यांचा अजून राग येतो. एवढा ताठा कशाला?

वर्षाने त्यांच्या कुळाने त्यांच्या नावाचं जेवण घातलं. बापाच्या जेवणात मी समोरच्या बाजूला, गरुडाकडच्या पाहुण्यांत बसलो. नोरीनने उभं राहून आईचं, मामाचं, ओढ्याचं नाव सांगितलं. "पुढचं मला येत नाही," ती म्हणाली. "मी उशिरा आले." माझ्यासमोर सीलच्या तेलातला सुका मासा होता. मी तो तसाच बाजूला सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढ्यावर नेलं. वडील थांबायचे तिथे, पहिल्या खडकाशी, इंजिन बंद केलं. तिने पाण्यात हात घातला आणि आमच्या रीतीप्रमाणे खडकाला आपली ओळख सांगितली, हळू आवाजात, आईपासून सुरुवात करून. मग माझ्याकडे वळली.

"दादा, याचं नाव तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग सांग की."

"ते तुझ्या घरातल्याच तोंडून यायला हवं गं."

"माझ्या घरात आता मीच आहे."

तिने ओला हात जॅकेटला पुसला. वडील त्या खडकाशी जेवढा वेळ बोलायचे तेवढा वेळ मी नाव जिभेवर धरून बसलो. मग न सांगताच इंजिन सुरू केलं, आणि वडील थांबायचे त्या पुढच्या वळणाशी पुन्हा बंद केलं.