खाली ठेवलेला कप

अबू मुहन्नदबद्दल शुक्रीला खरं तर फारसं काही ठाऊक नव्हतं. निर्वासितांच्या छावणीत भिंतीला भिंत लागून जन्म गेला, तरी त्याचं स्वतःचं नाव शुक्रीने कधी विचारलं नाही. थोरल्या मुलाच्या नावाआधी ‘अबू’, म्हणजे बाप, लावून हाक मारायची, एवढ्या रीतीवर भागत होतं. आणि हा थोरला, मुहन्नद, म्हणजे छावणीतल्या बंदूकवाल्यांचा म्होरक्या. त्याचं नाव भिंतीभिंतीवर. बाप मात्र दुकानात वेलदोडे घालून कॉफी कुटत बसायचा.

“तुझ्या कॉफीने मी टायर चिकटवतो,” पंक्चरवाला शुक्री म्हणायचा.

“म्हणूनच तुझी गिऱ्हाइकं पायी जातात.”

मग शुक्रीचा थोरला पोरगा यझन मुहन्नदच्या मागे गेला. शुक्री तडक शेजाऱ्याकडे गेला. कॉफी आली, पण त्याने कप तसाच खाली ठेवला. पाहुण्याने असा कप ठेवला की त्याचं काही मागणं असतं; यजमान ‘पी’ म्हणाला की ते मान्य झालं. तो शब्द मागे घेता येत नाही.

“तुझ्या पोराला सांग, माझं पोर परत पाठव.”

अबू मुहन्नद कपाकडे बघत राहिला. “कसं म्हणू, पी? तो कधी घरी आला तर ‘जेवलास का’ एवढंच विचारतो मी. त्याचंही उत्तर मिळत नाही रे.”

“खोटं तरी म्हण.”

“तुझ्याशी?”

कॉफी गार झाली. शुक्री उठला.

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत दोघं पोरं सैन्याच्या छाप्यात एकाच घरात मारली गेली. मुहन्नदच्या संघटनेतल्या पोरांनी हौतात्म्याची मिठाई वाटली, “अभिनंदन, काका” म्हणत दोन्ही बापांचे हात दाबले. पोस्टरवर मुहन्नद मोठा, यझन कोपऱ्यात अंगठ्याएवढा. पुढे त्या पोस्टरखाली ऐटीत फोटो काढणाऱ्या पोरांचीच पोस्टरं त्यावर चिकटत गेली. अशा प्रत्येक घरी अबू मुहन्नद दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी घेऊन जायचा. काही आया दार उघडत, काही उघडत नसत. शुक्री तर त्याच्या दुकानावरून मान खाली घालूनच जायचा.

ते दुकान कायमचं बंद झालं, त्याच्या आदल्या सकाळी आतून अबू मुहन्नदची हाक आली. “अबू यझन, ये.”

कप हातात घेताच शुक्रीचा हात तो ठेवायला आपसूक खाली गेला.

“पी. आता मागायला काय उरलंय?”

शुक्री प्यायला.

“वेलदोडे कमी पडलेत.”

“उद्या घालतो.”