काकांचं ‘बराबर’

समोरचा बोलायला लागला की काका डोळे मिटायचे, मान थोडी कलती करायचे आणि दर वाक्यानंतर म्हणायचे, "बराबर."

"पाऊस न्हाई, साहेब."

"बराबर."

"विहिरीनं तळ गाठला."

"बराबर."

"तुमचं बियाणंच बोगस हाय."

"बराबर." आणि मग दचकून, "न्हाई न्हाई, तसं न्हाई! मी तुमचं ऐकून राह्यलो, म्हनून बराबर म्हनलं."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्या ‘बराबर’चा अर्थ ‘तुमचं खरं आहे’ असा नसतो. ‘मी इथंच आहे, बोला’ एवढाच असतो. आमच्या जालन्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निदान माणसाला तरी लागत नाही.

एका बियाणे कंपनीत फोन घेण्याचं आमचं काम. मी दुकानदारांचे फोन घ्यायचो, काका शेतकऱ्यांचे. खुर्चीला खुर्ची लागून. ते राहायला मस्तगडला, वय पन्नाशीच्या पुढे, आणि डब्यात ठेचा असा तिखट, की मी पाणी पीत बसायचो आणि ते हसत बसायचे. शिवाय कुणाचाही फोन मधेच तोडणं त्यांना जमायचं नाही. शेतकरी कपाशीपासून सुरू करून जावयाच्या दारूपर्यंत पोचायचा, तरी काका ऐकतच.

मग कंपनीनं मशीन आणलं. फोन उचलणारं, प्रश्न समजून घेणारं, उत्तर देणारं. त्याला शिकवायला काकांचे जुने सगळे फोन दिले आणि आवाजही काकांचाच घेतला, कारण शेतकऱ्यांच्या कानाला तो ओळखीचा. काका किती खूश! काकूंना घरून फोन लावायला लावला. काकू मशीनला म्हणाल्या, "येताना कोथिंबीर आणा." मशीन म्हणालं, "बराबर." आम्ही हसून हसून बेजार झालो.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. मंठ्याकडचा एक शेतकरी तरातरा ऑफिसात आला. हातातल्या पिशवीतून सोयाबीनची उपटलेली झाडं काढून त्यानं टेबलावर टाकली. पानं करपलेली. "तुमच्याच मानसाला इचारलं मी. म्हनलं, तणनाशक पंपाला एकाच्या जागी दोन झाकणं टाकतो, म्हंजे गवत जल्दी मरन. तो म्हनला, बराबर."

मॅनेजर साहेबांनी रेकॉर्डिंग लावलं. आवाज काकांचा, बोलणारं मशीन. शेतकऱ्याला भरपाई द्यायचं ठरलं, तो गेला. मग साहेबांनी विचारलं, "हा शब्द मशीनमध्ये आला कुठून?" सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका डोळे मिटून ऐकत होते. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळच सांगितलं. आता मशीनला शिकवायला आणि ते अडलं की फोन घ्यायला एकच माणूस लागेल. काकांनी महिनाभर स्वच्छ भाषेत फोन घेऊन दाखवले तर ते राहतील. नाहीतर ते काम बाहेरच्या एजन्सीला जाईल. स्वच्छ म्हणजे काय, हे मशीनच ठरवणार. काकांच्या स्क्रीनवर एक पट्टी बसवली. मंजूर वाक्यं बोललं की हिरवी, भलता शब्द किंवा आवाज निघाला की लाल.

"भाऊ, या वयात मला कोन घेईन?" काका मला म्हणाले. "पोरीचं नर्सिंगचं आत्ता कुठं दुसरं वर्ष चालू हाय."

काका हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. एआयचा ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं. चहाच्या टपरीवर मी शेतकरी व्हायचो आणि ते सराव करायचे. तोंडातून ‘बराबर’ निघालं की स्वतःचाच कान पिळायचे. संध्याकाळपर्यंत कान लालबुंद. घरीसुद्धा सराव चालू. काकू बोलत आणि हे ओठ घट्ट मिटून बसत. शेवटी काकूंनी मला फोन करून विचारलं, "माझ्यावर रागावलेत का हो ते?"

पण जमलं त्यांना. पट्टी हिरवी राहू लागली. "आपली नोंद घेतली आहे. पुढे बोला." एवढंच. फोन करणारे मधेच "हॅलो? हॅलो? हायेत का?" करू लागले. काका घाम पुसत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणत. मला त्यांचं कौतुक वाटे, आणि खरं सांगतो, ऐकवतही नसे.

महिन्याचा शेवटचा दिवस. मशीनला बोलणं न कळल्यानं एक फोन काकांकडे आला. म्हातारी बाई होती, शहागडजवळच्या कुठल्या गावची.

"कपाशीची पानं लाल पडून राह्यलीत, बाबा."

"आपली नोंद घेतली आहे. पुढे बोला."

"कालबी हेच म्हनला तू." काल तिचा फोन मशीननं घेतला होता; आवाज तोच, वाक्यंही तीच. "मशीन हाय का मानूस?"

यालाही मंजूर वाक्य होतं. "मी आपल्या सेवेत आहे."

"तेबी काल म्हनला. मानूस असशीन तर खोकून दाखव."

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. ते पट्टीकडे बघत होते. हिरवीगार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरात मान हलवून ‘नको’ म्हटलं.

"खोक की रे. घरात इचारायला कोनी न्हाई, म्हनून फोन लावून राह्यले. ठिवू का मंग?"

काका खोकले. आधी हळूच, घसा साफ केल्यासारखं. मग खरीच ढास लागली, डोळ्यांत पाणी आलं. पट्टी लाल झाली.

"हां," म्हातारी म्हणाली. "आता सांगते."

तिनं सगळं सांगितलं. कोणत्या बाजूची पानं, खत कधी टाकलं, मुलगा पुण्याला कसा गेला. काका तिला उत्तरं देत होते आणि मधे मधे मनसोक्त ‘बराबर’ म्हणत होते. पट्टी लालच राहिली. तिकडे बघायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

फोन संपल्यावर मी चिडलोच. "काका, काय केलंत हे? एका खोकल्यासाठी?"

"ती फोन ठिवून देत होती, भाऊ," ते म्हणाले, आणि रुमाल शोधू लागले.

काम एजन्सीला गेलं. काका आता भाच्याच्या खताच्या दुकानात बसतात, असं ऐकलं. मला त्यांची आठवण रोज येते, आणि माझ्या टेबलावर पट्टी कधी बसणार, या भीतीसकट येते.

काही महिन्यांनी मशीनची सुधारलेली आवृत्ती आली. साहेबांनी सगळ्यांना आमच्या टेबलापाशी गोळा करून स्पीकर लावला. त्या म्हातारीचा फोन वरच्या लोकांना फार आवडला होता म्हणे. ग्राहक शेवटपर्यंत टिकून राहिला. साहेबांनी हसत हसत मशीनला विचारलं, "मशीन आहे का माणूस?"

स्पीकरमधून काका खोकले. आधी हळूच, घसा साफ केल्यासारखं. मग ढास लागली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाण्याची बाटली उघडून शेजारच्या, काकांच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरली होती.