दोन कड्या कमी

एप्रिल १९९३, सोमवार, सकाळचे साडेदहा. फ्रीगंज बाजाराच्या मागे असलेल्या सार्वजनिक बागेत आम्ही चौघे हजर होतो. मी, म्हणजे बागांच्या ऑफिसातला सर्वेअर. मोजणीची साखळी ओढणारा माझा चेनमन बाबूलाल. बागेचे माळी भागीरथ. आणि शेजारच्या प्लॉटचे शेठजी. वाद एक मीटर साठ सेंटिमीटरचा.

त्या वर्षी ज्याच्या प्लॉटला रस्ता लागत होता त्याला तिथे दुकान काढायचं होतं. कोणाला एसटीडी बूथ, कोणाला कूलरची एजन्सी. शेठजींना चार दुकानं बांधायची होती, म्हणून त्यांनी हद्द मोजून मागितली. त्यांच्या प्लॉटकडच्या बाजूला बागेला भिंत नव्हती, मेंदीचं कुंपण होतं आणि त्याच्या आत सात कडुनिंब ओळीने उभे होते.

रेकॉर्डप्रमाणे कोपऱ्याच्या दगडापासून बाग रस्त्याला धरून एकशे वीस मीटर. आमची मोजणीची साखळी, तिकडे तिला जरीब म्हणतात, तीस मीटरची, तिला वीस सेंटिमीटरच्या दीडशे कड्या. चार साखळ्या टाकल्या, खुंटी ठोकली. खुंटी कडुनिंबांच्या अलीकडे पडली. म्हणजे झाडं शेठजींच्या हद्दीत.

भागीरथ खाली बसून खुंटीकडे बघत राहिले. "साहब, ये मेहंदी की बागड़ मेरे बाप ने डोरी बांधकर लगाई थी."

"भागीरथजी, डोरी ढीली हो सकती है. जरीब लोहे की है," मी म्हणालो. शेठजी हसले. पंचनामा झाला. सगळ्यांनी सह्या केल्या, भागीरथनी अंगठा दिला.

बुधवारी मी नकाशा काढायला बसलो. बागेची रुंदी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या जुन्या भिंतींमधलं अंतर, रेकॉर्डला नव्वद मीटर. माझ्या वहीत सोमवारी मोजलेली एक्याण्णव मीटर वीस. पुन्हा बेरीज केली, तेच आलं. भिंती काही वाढत नाहीत. माप जास्त भरतं तेव्हा साखळी आखूड असते.

स्टोअरमधून स्टीलचा टेप आणला आणि व्हरांड्यात साखळी पसरली. एकोणतीस मीटर साठ.

बाबूलालला बोलावलं. तो लगेच कबूल झाला, थोडा अभिमानानेच. "दो कड़ी टूट गई थीं साहब. मैंने निकालकर तार से जोड़ दी. स्टोर में जमा करते तो नई आने में साल निकल जाता. काम नहीं रुकने दिया मैंने."

साखळीमागे चाळीस सेंटिमीटर, चार साखळ्यांत एकशे साठ. रागवायचं कोणावर? कामाआधी साखळी टेपला लावून तपासणं हे सर्वेअरचं काम. सोमवारी ऊन वाढत होतं, म्हणून मी ते टाळलं होतं.

साहेबांकडे गेलो. माझ्या प्रमोशनची फाइल तेव्हा त्यांच्याच टेबलावर होती.

"काले जी, अपने ही पंचनामे के खिलाफ लिखोगे?"

"जी सर."

"डेढ़ मीटर में तो आपकी खाट भी नहीं आएगी."

"सात नीम आते हैं, सर."

"शेठजी को कटाई की परमिशन जा चुकी है. आपके ही कागज़ पर. छोड़ो अब."

मी नोट लिहिली आणि त्यांच्या हातात न देता आवकला दिली, नंबर पाडून घेतला. नंबर पडलेला कागद ड्रॉवरमध्ये फार दिवस राहत नाही. तोवर ऑफिस सुटलं होतं.

गुरुवारी सकाळी टेप घेऊन बागेत गेलो. दुकानांच्या पायाचा चर खणून झाला होता. रस्त्याकडचा पहिला कडुनिंब आडवा पडला होता. दुसऱ्याच्या बुंध्याला पाठ लावून भागीरथ बसले होते, आणि कुऱ्हाडवाला बाजूला उभा राहून बिडी ओढत होता.

शेठजी भडकले. "सोमवार को जरीब सच्ची, आज फीता सच्चा. कल क्या लाओगे, हमारी भाभीजी का इंचटेप?"

"माझा टेप नको. तुम्ही तुमचा आणा. एक टोक तुमच्या माणसाने धरायचं, दुसरं भागीरथनी. मी हात लावणार नाही. आणि तोवर कुऱ्हाड थांबली पाहिजे."

त्यांनी टावर चौकातून नवा टेप मागवला. त्यांच्या मुनीमने कोपऱ्याच्या दगडावर टोक दाबलं. चार वेळा टेप पडला. एकशे वीस मीटर मेंदीच्या पलीकडे चार बोटं भरले. शेठजींनी स्वतः वाकून आकडा वाचला, मग मुनीमला बाजूला करून पुन्हा मोजलं.

"मी लाकडाचा बयाणा घेऊन बसलोय, काळे साहेब," ते माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"परत द्या," मी म्हणालो. भागीरथनी कोणाला न विचारता सोमवारची खुंटी उपटली. दुसरा पंचनामा झाला.

सहा कडुनिंब वाचले. मला लेखी ताकीद मिळाली, प्रमोशन दोन वर्षं मागे गेलं. जमीन मोजायच्या आधी साखळी मोजावी, हे सर्वेच्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. मी ते नोकरीच्या सोळाव्या वर्षी शिकलो.

चर खणायचे नऊशे चाळीस रुपये दोन हप्त्यांत माझ्या पगारातून कापून शेठजींना दिले गेले. तोडलेल्या झाडाचं कोणालाच काही दिलं गेलं नाही. भरपाईच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.