हलकी गाडी

साकीनाक्याला माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. एरवी अखंड बडबड करणारा, पण जुनी गाडी तपासताना डोळे मिटून मुकाट्याने फ्रेमवरून तळहात फिरवतो. चाळिशीत मला बाइक शिकायची हुक्की आली, तेव्हा डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीवर चालेल अशी एक छोटी, हलकी जुनी बाइक मी त्याला दाखवायला नेली. विकणारे काका सोबत होते.

"थोडी पडली होती," ते म्हणाले.

त्याचा हात टाकीखाली थांबला. "फ्रेम तुटलेली आहे. वेल्डिंग करून वर रंग मारलाय. काका, हिच्यावर कोण होतं?"

"मुलगा. शिकतच होता. आता ती दारात उभी बघवत नाही रे, म्हणून विकतोय."

"नवीन माणसाला देऊ नका, काका. तो पण जाईल."

काकांनी सीटवर हात ठेवला. मग म्हणाले, "कापून टाक."

त्याने लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला, पण सुरू केला नाही. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही बाहेर थांबा ना, काका."

"नको," काका म्हणाले. "त्या वेळीही मी जवळ नव्हतो."